काढले किती, राहिले किती

धर्मराजला मशीनवर ओरडायची सवय होती. माणसांवर तो ओरडत नसे. माणसांशी तो मुळात बोलतच कमी. पण नव्या जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीच्या पहिल्या मजल्यावरून, जिन्याशेजारच्या खोलीतून, "अरे, तू म्हणून काय राह्यला नेमकं?" असा आवाज आला, की खाली वजनकाट्यावरचे हमाल एकमेकांकडे बघून हसत. खोलीत दुसरं कोणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असे. पुण्यात नऊ वर्षं घासूनपुसून घेतलेली त्याची भाषा संतापात गळून पडे आणि आतून त्याचं गाव, परतूर, बाहेर येई.

खोलीच्या दारावर 'संगणक विभाग' अशी पाटी होती. विभाग म्हणजे धर्मराज एकटा. शाळामास्तरांचा हा मुलगा पुण्याला गेला आणि तिथे त्याने आयुष्याला पुरेल असा एकच विषय धरला. कर्नल. संगणकाच्या पोटातला तो भाग, ज्याला विचारल्याशिवाय कुठलाही प्रोग्राम काडीसुद्धा हलवू शकत नाही. फाईल उघडायची, कर्नलला विचारा. वेळ पाहायची, कर्नलला विचारा. अशा प्रत्येक विचारणीला सिस्टिम कॉल म्हणतात आणि प्रत्येक विचारणीला एक ठरलेला नंबर असतो. पुण्यात ह्या विद्येला मान होता. मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, धर्मराज बायकोमुलांसह जालन्यात आला, आणि इथे लोक त्याला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला बोलावू लागले. तो जाई, कागद काढी, आणि परत येऊन आपल्या मशीनवर ओरडे.

तर ह्या धर्मराजच्या हातून एका बाईची सही गेली. त्याची ही गोष्ट.

बाईंचं नाव बेबीनंदा. लहानथोर सगळे त्यांना बेबीताई म्हणत. कंपनीच्या तळमजल्यावर बियाणं उगवतं की नाही हे तपासायची प्रयोगशाळा होती आणि तिथे त्या सव्वीस वर्षं काम करत आल्या होत्या. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून ठरलेल्या तापमानाच्या बंद खोलीत ठेवायचा, कपाशी असेल तर चौथ्या दिवशी उघडायचा. नीट उगवलेली रोपं मोजून काढून टाकायची, उरलेलं पुन्हा गुंडाळायचं आणि बाराव्या दिवशी शेवटची मोजणी करायची. तक्त्याच्या तळाशी मोजणाऱ्याची सही. ही सही नसेल तर माल गोदामातून हलत नसे, मग मालकांचा मेहुणा ट्रक घेऊन दारात उभा का असेना. बेबीताई इथे लागल्या त्या ट्रे धुवायला. धुता धुता बघून शिकल्या, बारावीची परीक्षा बाहेरून दिली, आणि ट्रेपासून सहीपर्यंत पोचायला त्यांना अकरा वर्षं लागली. निवृत्तीला आता चार महिने उरले होते. त्यांचे यजमान राजानंद रोज संध्याकाळी त्यांना सायकलवर न्यायला येत आणि फाटकावरच्या वॉचमनला विचारत, "सही झाली का बाईची?" म्हणजे सुटी झाली का.

उगवण-खोलीचं तापमान एक मशीन दर मिनिटाला नोंदून ठेवी. त्यावरचा प्रोग्राम पार जुना होता, जुन्या पद्धतीच्या संगणकासाठी लिहिलेला. तो लिहिणारा माणूस आता नागपुरात पाण्याचे पाईप विकतो. मशीन नवं, प्रोग्राम जुना, आणि दोघांच्या मध्ये धर्मराजने स्वतः बांधलेला कर्नल. सकाळी पहिल्या बेबीताई येत, म्हणून प्रोग्राम त्यांच्याच लॉगिनवर सुरू होई आणि रात्रंदिवस तसाच चालू राही. त्या शनिवारी तो फार कुंथत चालला होता, म्हणून धर्मराजने कर्नलला सांगून ठेवलं की हा बाबा काय काय विचारतो त्याचा माग ठेव. म्हणजे प्रत्येक सिस्टिम कॉलची एक ओळ. मग तो घरी गेला.

रविवारी अकरा चाळीस ते दोन पन्नास ह्या वेळातल्या तापमानाच्या नोंदी गायब झाल्या.

एरवी कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण नेमका त्याच खोलीतला कपाशीचा एक मोठा लॉट कमी उगवला. खोली तापली असणार, कोणीतरी दार उघडं टाकलं असणार आणि मग अंगाशी येऊ नये म्हणून नोंद उडवली असणार, असा तर्क व्यवस्थापक राधेश्यामसरांनी लढवला. रविवारी ड्यूटी होती बेबीताईंची. सरांनी धर्मराजला बोलावलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्रिंटर सोडून दुसऱ्या कशासाठी तरी बोलावलं म्हणून धर्मराज जिना दोन-दोन पायऱ्या गाळून उतरला.

माग त्याने अर्ध्या तासात वाचला. अकरा चाळीसपाशी तो तुटत होता, आणि तुटण्याआधीची शेवटची ओळ होती सत्त्याहत्तर नंबरच्या कॉलची. सत्त्याहत्तर म्हणजे 'फाईल काप'. लॉगिन बेबीनंदा. सापडलं! सापडल्यावर माणूस थांबतो, तसा तो थांबला. एक पानी अहवाल लिहिला: सदर वेळी बेबीनंदा यांच्या लॉगिनवरून नोंदीची फाईल कापण्यात आली.

सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये सरांनी तो सगळ्यांसमोर वाचला.

"पक्का ना, धर्मराज?" सरांनी विचारलं.

"सर, ही नोंद कर्नलची आहे," धर्मराज म्हणाला. "तिथे माणसाचा हात पोचत नाही."

बेबीताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मी न्हाई कापलं," त्या म्हणाल्या. "मला कापता येत बी न्हाई." मागे कोणीतरी हसलं. चौकशी होईपर्यंत बेबीताईंनी पॅकिंगमध्ये लेबलं चिकटवावीत आणि तक्त्यावर त्यांच्या हाताखालच्या प्रीतीने सही करावी, असं ठरलं. प्रीती सव्वीस वर्षांची. तिने सरांसमोर मान हलवली आणि बाहेर येऊन सांगितलं की माझा उजवा हात दुखतोय. चार दिवस तो हात दुखतच राहिला आणि तक्ते कोरे साचत गेले.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बेबीताई जिना चढून संगणक विभागात आल्या. पहिल्यांदाच. दारातच चपला काढायला लागल्या.

"ताई, चपला राहू द्या. आणि चौकशीचं सरांना विचारा, माझ्या हातात काही नाही," धर्मराज म्हणाला. त्याला ते सगळं नकोसं झालं होतं. रोज फाटकाबाहेर राजानंद सायकल धरून उभे असत आणि त्याला रामराम घालत. हा माणूस शिव्या का देत नाही, ह्याचाच त्याला वैताग आला होता.

"चौकशीचं न्हाई, भाऊ. मोजणीचं इचारायचं व्हतं. तुमी म्हन्ता मी फाईल कापली. मंग काढलं किती आन राह्यलं किती?"

"म्हणजे?"

"म्हंजे आमी चवथ्या दिवशी बावन्न रोपं काढले, तर बावन्न लिव्हतो. पन अठ्ठेचाळीस राह्यले, ते बी लिव्हतो. बेरीज शंभर भरलीच पाह्यजे. न्हाई भरली तर मोजणारा चुकला. दाणे चुकत न्हाईत. तुमच्या कागदावर नुस्तं कापलं असं हाये. राह्यलं किती ते कुठंच न्हाई."

धर्मराजने एक लांब श्वास सोडला. आता ह्यांना काय सांगायचं? पण दाखवल्याशिवाय बाई जिना उतरणार नाहीत हे दिसत होतं. त्याने माग उघडला. ती ओळ समोर आली. कॉलच्या नावापुढे दोन गोष्टी होत्या: कुठली फाईल, आणि कापून किती ठेवायची. हे 'किती' कर्नल त्याच्या आपल्या पद्धतीने आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळून लिहितो, त्यामुळे सोमवारी धर्मराजने ते वाचलंच नव्हतं. नाव वाचलं, पुढचं सोडून दिलं. आता बाईंच्या समाधानासाठी त्याने त्या खिचडीचा साधा आकडा केला.

आकडा बघून तो पडद्याजवळ सरकला.

"किती?" बेबीताईंनी विचारलं.

"चार अब्ज एकोणतीस कोटी दहा लाख अकरा हजार चोवीस."

"काय?"

"अक्षरं. फाईल कापून एवढी अक्षरं ठेवा, असं लिहिलंय."

"आन कापायच्या आधी किती व्हते?"

धर्मराजने पाहिलं. "साठ हजार."

बेबीताईंनी हिशोब मनात दोनदा करून पाहिला असावा. "साठ हजारातून कापून चार अब्ज राह्यले?"

आणि फाईल कुठली? शून्य नंबरची. शून्य म्हणजे कीबोर्डची जागा. तापमानाची फाईल नव्हेच ती. हेही सोमवारी डोळ्यांसमोर होतं. धर्मराजने कपाळावर हात मारून घेतला आणि तो हात तिथेच राहिला.

"ताई, जरा थांबा."

"मी थांबलेच हाये, भाऊ. सोमवारपासून." बेबीताईंनी चपला घातल्या आणि त्या लेबलं चिकटवायला गेल्या.

त्यानंतरचे दोन दिवस वजनकाट्यावरच्या हमालांची चांगलीच करमणूक झाली.

आधी त्याने मागाच्या वरच्या ओळी पाहिल्या. दहा चाळीसला सत्त्याहत्तर. नऊ चाळीसला सत्त्याहत्तर. शनिवारी रात्री प्रयोगशाळेला कुलूप असताना, बेबीताई घरी झोपलेल्या असताना, दर तासाला चाळीस मिनिटांनी 'फाईल काप' आणि दरवेळी चार अब्जांच्या घरातला आकडा. आणि फाईल मात्र दर तासाला जशीच्या तशी. "मंग कापून काय राह्यला तू, हवा?" तो ओरडला. प्रोग्राम फाईल कापतच नव्हता. तो दुसरंच काहीतरी मागत होता आणि कर्नलचा माग त्याला कापणं म्हणत होता. ज्या नोंदीपर्यंत माणसाचा हात पोचत नाही, ती नोंदच खोटी होती.

मग त्याने चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. कर्नलला एवढंच विचारणारा: मी आतापर्यंत प्रोसेसरचा किती वेळ वापरला? तो दोन प्रकारे बांधला, एकदा नव्या पद्धतीने आणि एकदा जुन्या. नवा चालवला; मागात बरोबर आलं, 'वापरलेला वेळ'. जुना चालवला. 'फाईल काप'.

धर्मराजने खुर्ची मागे ढकलली. एकच प्रश्न, एकच माणूस विचारणारा, आणि पोशाख बदलला म्हणून जबाब बदलला! जुन्या प्रोग्रामांची नंबरांची यादी वेगळी असते, हे तो पुण्यात पोरांना शिकवायचा. जुन्या यादीत सत्त्याहत्तर म्हणजे 'वापरलेला वेळ सांग'. नव्या यादीत सत्त्याहत्तर म्हणजे 'फाईल काप'. काम करताना कर्नल बरोबर यादी वापरत होता, म्हणून फाईल शाबूत होती. फक्त माग लिहिणारा भाग प्रत्येक नंबर नव्या यादीतच शोधत होता. पण असं होऊ नये म्हणून तर तिथे एक तपासणी असते! विचारणारा जुन्या पद्धतीचा असेल तर त्याची नोंदच करू नकोस, अशी. ती कुठे गेली? कोणी काढली? धर्मराजने ज्या कोणी ती काढली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ते पान उघडलं.

तपासणीच्या जागी एक टिपण होतं, तीन वर्षांपूर्वीचं, मराठीत. 'हे काढलं. आता सगळं दिसतं.'

ह्या कंपनीत मराठीत टिपण लिहिणारा एकच जण होता. जालन्यात आल्या आल्या, जुन्या प्रोग्रामचा माग कोरा येतो म्हणून वैतागून, त्यानेच ती तपासणी उडवली होती. काढलं ते लिहिलं होतं. राहिलं काय, ते लिहिलं नव्हतं. बराच वेळ त्या खोलीतून आवाज आला नाही, तेव्हा एका हमालाने काळजीने वर येऊन डोकावून पाहिलं.

मग नोंदी गेल्या कुठे? तेही अर्ध्या तासात कळलं आणि त्याने राहिलीसाहिली लाज काढली. शनिवारी लावलेला माग इतका फुगला की रविवारी अकरा चाळीसला डिस्क भरली. तापमान लिहायला जागाच उरली नाही. दोन पन्नासला मशीनची रोजची साफसफाई झाली, जुनी अडगळ गेली, आणि नोंदी पुन्हा सुरू झाल्या. खोली तापलीच नव्हती. तो लॉट मुळात कमी उगवणारा होता, हे बेबीताईंनी चौथ्या दिवशीच्या शेऱ्यात लिहून ठेवलं होतं. तो शेरा कोणी वाचला नव्हता.

कर्नल दुरुस्त करणं त्यामानाने सोपं असायला हवं होतं. नव्हतं. तपासणी नुसती परत घातली असती तर जुन्या प्रोग्रामचा माग पुन्हा कोरा आला असता, आणि बेबीताईंच्या बाजूने दाखवायला हातात काहीच राहिलं नसतं. म्हणून जुना असेल तर जुन्या यादीत बघ, असं त्याने लिहिलं. कर्नल नव्याने बांधायला चाळीस मिनिटं लागत. पहिला बांधला, मशीन सुरूच होईना. एक स्वल्पविराम सुटला होता. दुसरा बांधत असताना सरांचा फोन आला. "धर्मराज, जल्दी नीचे आव, प्रिंटर अटकला." तो गेला, कागद काढला, आला. दुसरा सुरू झाला, पण कॉल आत जाताना 'वापरलेला वेळ' आणि उत्तर घेऊन बाहेर येताना पुन्हा 'फाईल काप'. "अरे, आत गेला एक आन बाहेर आला दुसरा! तू मला येडा समजून राह्यला का?" दाराला दोन बाजू असतात आणि त्याने एकाच बाजूला पाटी बदलली होती. तिसरा कर्नल शनिवारी दुपारी तीनला सुरू झाला. तीन चाळीसला जुन्या प्रोग्रामने आपला प्रश्न विचारला, आणि मागात आत जाताना आणि बाहेर येताना दोन्हीकडे आलं: 'वापरलेला वेळ'. धर्मराजने मुठीने टेबल बडवलं. आनंदाने की संतापाने, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

सरांना समजावणं हा आणखी एक त्रास होता. सिस्टिम कॉलची यादी म्हटल्यावर सर मोबाईल बघायला लागले.

"सर, तुमचं घर जुन्या जालन्यात," धर्मराज शेवटी म्हणाला. "समजा, नंबर सत्त्याहत्तर. नव्या जालन्यातही एक सत्त्याहत्तर नंबर आहे, तिथे दारूचं दुकान. कुरियरवाला पत्ता न बघता नुसता नंबर बघून पेट्या तुमच्या घरी टाकून गेला. मग मी येऊन अहवाल लिहिला, की राधेश्यामसर घरात दारू विकतात."

सरांनी मोबाईल खाली ठेवला. "तर सीधा सांगायचं ना असं." मग त्यांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. बाईंना परत टेबलावर बसू दे. मीटिंग-बिटिंग काढू नका, उगीच चर्चा होते. बात खतम."

धर्मराज पॅकिंगमध्ये जाऊन बेबीताईंना हे सांगून आला. म्हणजे सांगायला गेला. माफी मागायची म्हणून त्याने वाक्यं जुळवली होती, ती तोंडाशी येऊन अडली आणि तो एवढंच म्हणाला, "ताई, चूक माझी होती. सोमवारपासून सही करा."

बेबीताईंनी हातातलं लेबल नीट चिकटवलं. "त्या दिवशी खोलीत बारा लोकं व्हते," त्या म्हणाल्या. "सरांना आन आपल्याला सोडून. मी मोजले व्हते."

"मोजले?"

"मंग दुसरं काय करणार व्हते? सर वाचून राह्यले व्हते, मी मोजून राह्यले व्हते. बारा लोकायनं ऐकलं, तर बारा लोकायला कळलं पाह्यजे. सही मंग."

सोमवारी धर्मराज मीटिंगमध्ये उभा राहिला. सरांनी डोळे वटारले, ते त्याने बघितले नाहीत. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "बेबीताईंनी काही कापलं नव्हतं," तो म्हणाला. "माझा माग चुकीचा होता. तपासणी मी काढली होती. डिस्क माझ्यामुळे भरली. अहवाल वाचला तेव्हा ताईंना तुम्ही जे समजलात, ते माझ्यामुळे." आणि तो बसला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब भाषण होतं. प्रीतीने मोठ्याने सांगितलं की तिचा हात आता बरा आहे.

बेबीताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. "नऊ," त्या म्हणाल्या. "तीन राह्यले."

सरांनी डोक्याला हात लावला. गोदामात माल अडलेला, तक्ते आठवडाभर कोरे, आणि ही बाई माणसं मोजत बसलीय! धर्मराजलाही संताप आला. कर्नल सुधारला, सगळ्यांदेखत कबूल केलं, आणखी काय करायचं माणसाने? पण बेरीज बारा भरत नव्हती हे खरं होतं. त्या तिघांतला एक जण लग्नासाठी अंबडला गेला होता. त्याला फोन चालला नसता, बेबीताईंनी तसं आधीच सांगितलं होतं. ऐकलं समोरासमोर, तर सांगायचंही समोरासमोर. धर्मराज मांडवात जाऊन, वरातीच्या बँडवर आवाज चढवून सांगून आला. दुसऱ्याची बदनापूरच्या गोदामावर बदली झाली होती. त्याला पोत्यांच्या थप्पीवर चढून सांगितलं. तिसरा मिथुन, ड्रायव्हर. तो नोकरी सोडून वाटूरला जाऊन काळी-पिवळी जीप चालवत होता.

बुधवारी, रजा टाकून, धर्मराज मोटारसायकलवर वाटूरला निघाला. ऊन मी म्हणत होतं. रस्त्याचं काम चालू होतं आणि अर्ध्या रस्त्यात त्याच्या दातांखाली धूळ करकरायला लागली. तीन ओळींच्या दुरुस्तीसाठी आपण कुठे कुठे फिरतोय, ह्याचा हिशोब करत, हेल्मेटच्या आत तो स्वतःवरच ओरडत होता. वाटूर फाट्यावर मिथुनची जीप सवारीची वाट बघत उभी होती आणि मिथुन शेजारच्या टपरीवर चहा पीत होता.

"सर, तुमी? हिकडं कामून?"

धर्मराजने सगळं सांगितलं. आता त्याला ते पाठ झालं होतं.

"आस्सं," मिथुन म्हणाला. "म्हंजे ती फाईलवाली बाई सुटली म्हना की!"

"फाईलवाली?"

"आता आमच्या हिकडं तसंच म्हन्तेत." मिथुनने बशीत चहा ओतला. "तिची नणंद दिलीये ना वाटूरात. त्याच हप्त्यात जीपमधी बसली व्हती. मंग म्या सांगितलं तिला, तुमच्या वहिनीनं कंपनीत आसं आसं केलं म्हनून. भरगच्च जीप व्हती. परतूरपोत्तर टाईम जाया पाह्यजे ना, सर."

मिथुनने वाईट काहीच केलं नव्हतं. ऐकलेलं पुढे सांगितलं होतं, आणि ते ऐकवलं होतं धर्मराजने. त्याने फोन लावला.

"ताई, मिथुनला सांगितलं. बारा झाले."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "त्यानं पुढं कोणाला सांगितल्तं, ते इचारलं का?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. नणंदेचा फोन केव्हाच येऊन गेला असणार. कदाचित पहिल्याच दिवशी. आणि तरी त्या बारा म्हणत राहिल्या, कारण त्या खोलीतले बारा त्यांनी स्वतः मोजले होते आणि न मोजलेलं त्या कधी सांगत नसत.

"हो," धर्मराज म्हणाला. "जीप भरलेली होती म्हणतो."

"मी तक्त्यांवर सह्या करते आता. लोकायचा माल अडून राह्यला, त्यायचा काय दोष. मी बारा म्हनले, तुमी बारा केले." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "पन भाऊ, राह्यलं किती ते तुमी लिव्हलं पाह्यजे. ते मला न्हाई मोजता येनार."

फोन बंद झाला. धर्मराजला प्रचंड ओरडायचं होतं, पण समोर मशीन नव्हतं. एक माणूस होता, बशीतला चहा फुंकणारा. धर्मराजने खिशातून स्वतःचा तो एक पानी अहवाल काढला, त्याची कोरी बाजू टपरीच्या फळीवर वर केली आणि पेनचं टोपण दातांनी ओढलं.

"त्या दिवशी जीपमध्ये कोण कोण होतं?" तो म्हणाला. "घाई करू नको, मिथुन. एकेक नाव सांग. मी मोजून राह्यलो."